पाणी कुठपर्यंत होतं?

आईला चालायची हौस आहे, पण तासाभरानंतर गुडघे बोलायला लागतात. आम्ही इस्तंबूलची तिकिटं काढली तेव्हा ती बहात्तर वर्षांची होती. हातात चार पूर्ण दिवस होते आणि माझ्या वहीत अकरा वस्त्यांची नावं होती. सुलतानअहमत, एमिनोनू, गलाता, बालात, उस्कुदार, कादीकोय... प्रत्येक नावापुढे कुणी ना कुणी कळकळीनं सांगितलेलं तेच वाक्य: हे मात्र चुकवू नका. निघायच्या आठवडाभर आधी, एका रात्री मी नकाशा टेबलावर पसरला आणि आईला विचारलं, "यातलं तुला काय बघायचंय?"

तिनं चष्मा चढवला. नावं तिनं वाचलीच नाहीत. बराच वेळ नकाशा न्याहाळला आणि मधल्या निळ्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "हे पाणी कुठून येतं नि कुठे जातं, ते आधी सांग."

मी सांगितलं. वर काळा समुद्र, खाली मार्मारा समुद्र आणि दोघांना जोडणारी ही बॉस्फरसची सामुद्रधुनी. डावीकडे युरोप, उजवीकडे आशिया, आणि डावीकडच्या काठातून आत घुसलेली ही खाडी, तिला गोल्डन हॉर्न म्हणतात. आईचं बोट हळूहळू त्या वाटेवरून फिरत होतं. मग ती म्हणाली, "मग माणसं इथेच उतरली असणार," आणि तिचं बोट जिथे थांबलं ती जागा म्हणजे खाडीच्या तोंडाशी असलेलं एमिनोनू. शेकडो वर्षं बोटी जिथे लागत आल्या तीच जागा.

किनाऱ्यावरच्या मोठ्या शहरात काय पाहायचं आणि काय सोडायचं, हा प्रश्न मला गेली बरीच वर्षं पडतो. अशी शहरं एका भेटीत आवाक्यात येत नाहीत. ती पसरलेली असतात, पाण्यानं तुकड्यातुकड्यांत कापलेली असतात, आणि एका तुकड्यातून दुसऱ्यात जायचं तर अर्धा दिवस मोडतो. त्यामुळे निवड करावीच लागते. आणि निवड करायची तर कशाच्या आधारानं, हे ठरवावं लागतं. आईनं ते दहा मिनिटांत ठरवलं. मला त्यासाठी बरीच वर्षं आधी, दुसऱ्याच एका शहरात, एक दुपार लागली होती.

ते शहर म्हणजे न्यूयॉर्क. कामासाठी गेले होते आणि एक दुपार अचानक मोकळी मिळाली. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला पर्ल स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. अरुंद, किंचित वाकडा, दोन्ही बाजूंना इतक्या उंच इमारती की दुपारीही ऊन खाली पोचत नाही. तिथे समुद्र नाही, नदी नाही, पाण्याचा वाससुद्धा नाही. पण सतराव्या शतकात डच लोक इथे वसले तेव्हा हा रस्ता म्हणजे ईस्ट नदीचा काठ होता. काठावर शिंपल्यांचे ढीग पडलेले असत, त्यावरून रस्त्याला मोत्याचं नाव मिळालं. मी तिथून नदीच्या दिशेनं चालायला लागले. पुढचा समांतर रस्ता आला, त्याचं नाव वॉटर स्ट्रीट. त्याच्या पुढचा फ्रंट स्ट्रीट. त्याच्याही पुढे साउथ स्ट्रीट, आणि मग नदी. जेमतेम पाच-सात मिनिटांचं अंतर. पण वॉटर स्ट्रीटच्या पाटीखाली उभी राहिले तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ही नावं म्हणजे एकापाठोपाठ एक आलेले काठ होते. आधीच्या काठापुढे भराव पडला, नवा रस्ता झाला, त्याच्या कडेला बोटी लागायला लागल्या. मग त्याच्याही पुढे भराव पडला आणि तोही रस्ता शहराच्या पोटात गेला.

काही वर्षांनी, २०१२च्या ऑक्टोबरमध्ये, तिथे सँडी वादळ आलं. नदी शहरात शिरली तेव्हा साउथ स्ट्रीट, फ्रंट स्ट्रीट, वॉटर स्ट्रीट पाण्याखाली गेले आणि पाण्याची कड साधारण जुन्या काठाच्या आसपास राहिली. यात गूढ काही नाही. भरावाची जमीन मूळ जमिनीपेक्षा सखल असते, पाणी सखल भागात पसरतं. तरी बातम्यांमधला तो नकाशा पाहताना मला ती दुपार आठवली आणि अंगावर काटा आला.

तेव्हापासून माझी पद्धत ठरून गेली आहे. नव्या शहरात जायचं ठरलं की आधी दोन नकाशे मिळवायचे. एक आजचा आणि एक सापडेल तितका जुना. जुन्या नकाशात पाणी जिथे संपतं, ती रेघ आजच्या नकाशावर पेन्सिलनं ओढायची. ती रेघ जिथून जाते, त्या वस्त्यांपासून सुरुवात करायची. हात बसलेला नसला तरी चालतं, रेघ वाकडीतिकडी आली तरी चालतं. जुना नकाशा मिळाला नाही तर रस्त्यांची नावं वाचायची. नावं फार काळ टिकतात, इमारतींपेक्षाही जास्त.

मुंबईतली पायधुणी घ्या. आज तिथे उभं राहिलं तर चारही बाजूंना रस्ते आणि माणसांची दाटी. पण मुंबईची बेटं वेगवेगळी होती तेव्हा मधली खाडी ओहोटीला उतरून लोक पलीकडे येत, चिखलानं भरलेले पाय इथे धूत आणि पुढे जात. एका नावात अख्खी भरती-ओहोटी शिल्लक आहे. जवळच उमरखाडी आहे, तिथेही आता खाडी दिसत नाही. टोकियोतल्या त्सुकिजीचा अर्थच मुळी 'भराव घालून केलेली जमीन' असा आहे. १६५७च्या भीषण आगीनंतर शहर सावरताना तिथे समुद्र हटवला गेला. हाँगकाँग बेटावरचा क्वीन्स रोड एके काळी जवळपास किनाऱ्यालगत होता. आज तिथून बंदराकडे जाताना मध्ये किती इमारती लागतात, ते मोजायलाही उसंत लागते. आणि बार्सिलोनात एक जुनं चर्च आहे, सांता मारिया देल मार, म्हणजे समुद्राची मेरीमाता. १३२९मध्ये बांधायला घेतलं तेव्हा लाटा जवळ होत्या. ज्या वस्तीत ते आहे तिचं नाव रिबेरा, म्हणजे काठ. मी तिथे उभं राहून समुद्र शोधला. दिसला नाही. दगडी भिंतीला हात लावला तर थंड लागली, इतकंच.

या जुन्या रेघेशी माझं इतकं का जमतं, याचा मी पुष्कळ विचार केलाय. बंदराच्या शहरात सगळ्यांत आधी काय येतं? बोट बांधायला जागा. मग माल ठेवायला वखार, जकात घेणारा माणूस, दोर वळणारा, पिंप बनवणारा, परत येऊ की नाही याची खात्री नसलेल्या खलाशांचं देऊळ किंवा चर्च किंवा मशीद. लांबून आलेली माणसं पहिल्यांदा इथेच राहतात, कारण सामान घेऊन लांब जाववत नाही आणि काम धक्क्यावरच असतं. म्हणून शहरात किती भाषा बोलल्या गेल्या, ते या वस्त्यांत कळतं. पैसेवाले मात्र टेकडीवर जात. वर वारा असतो आणि धक्क्यावरची घाण, रोगराई, आरडाओरडा खाली राहतो. समुद्राचं दृश्य घरातून दिसावं म्हणून कुणी जास्त पैसे मोजावेत, ही गोष्ट तुलनेनं अलीकडची आहे. मग जहाजं मोठी झाली, त्यांना खोल पाणी लागायला लागलं, कंटेनर आले, बंदर शहराबाहेर गेलं. जुन्या काठावरच्या वस्तीचं काम गेलं. ती एक तर विसरली गेली किंवा कुणाच्या तरी डोळ्यांत भरली. दोन्ही गोष्टी तिच्या अंगावर दिसतात.

लिस्बनमध्ये हे मला सगळ्यांत स्पष्ट दिसलं. १ नोव्हेंबर १७५५ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, तिथे प्रचंड भूकंप झाला. पाठोपाठ त्सुनामी आली आणि मग कित्येक दिवस आग धुमसत राहिली. तेजो नदीच्या मुखाजवळची सखल वस्ती, बायशा, जवळपास नाहीशी झाली. शेजारच्या टेकडीवरचा आल्फामा मात्र बराचसा वाचला. राजाचा मंत्री मार्क्विस ऑफ पोंबाल यानं बायशा नव्यानं उभी केली. रस्ते काटकोनात, इमारती एकसारख्या. ओल्या जमिनीत लाकडी खुंट ठोकून त्यांच्यावर पाया, आणि भिंतींच्या आत लाकडाचा पिंजरा, म्हणजे पुन्हा हादरा बसला तर घर वाकेल पण कोसळणार नाही. आल्फामात यातलं काहीच नाही. तिथली गल्ली वळते, दोन पायऱ्या चढते, कुणाच्या तरी दारात संपते. नावही अरबी आहे, गरम पाण्याच्या झऱ्यांवरून पडलेलं.

मी बायशाच्या सरळ रस्त्यावरून चालत निघाले आणि दहाएक मिनिटांत आल्फामात शिरले. एका सकाळच्या त्या एका क्षणासाठी शहरातली बाकीची चौकशी मी आनंदानं सोडली. दोन्ही भाग वेगवेगळ्या दिवशी पाहिले असते, तर एक 'नीटनेटका' आणि एक 'जुना' एवढंच लक्षात राहिलं असतं. एकामागून एक चालून गेल्यामुळे पायांना कळलं की पाणी कुठपर्यंत चढलं होतं. तेव्हापासून मी वस्त्या एकेकट्या निवडत नाही. शेजारच्या दोन निवडते, एक पाण्यानं बुडवलेली आणि एक वाचलेली. किंवा एक काठावरची आणि एक भरावावरची. आणि मधलं अंतर पायी कापते. हे मला कुणी प्रवासाबद्दल विचारलं तर मी पहिल्यांदा सांगते.

सॅन फ्रान्सिस्कोतही अशी जोडी आहे. १८४९च्या सोन्याच्या लाटेत आलेली जहाजं खलाशांनी तशीच सोडून दिली, सगळे डोंगरात सोनं शोधायला पळाले. काही जहाजांची गोदामं झाली आणि पुढे भराव पडला तेव्हा ती त्यातच गाडली गेली. आजच्या बँकांच्या उंच इमारतींखाली त्यांचे सांगाडे आहेत. आणि १९८९च्या भूकंपात मरीना या भरावावरच्या वस्तीत ओली वाळू अक्षरशः पातळ झाली, घरं खचली. टेकड्यांवर खडकात पाय रोवून उभ्या असलेल्या घरांना तितका त्रास झाला नाही. या दोन गोष्टी एकदा ठाऊक झाल्या की त्या शहरात चालताना पायाखाली काय आहे याचा विसर पडत नाही.

रिओ दि जानेरोला मी अजून गेलेले नाही. पण जाईन तेव्हाचा पहिला दिवस ठरलेला आहे. कोपाकबानाचा प्रसिद्ध समुद्रकिनारा नंतर. आधी वालोंगो. १८११मध्ये बांधलेला हा दगडी धक्का. आफ्रिकेतून गुलाम म्हणून पकडून आणलेली सुमारे नऊ लाख माणसं वालोंगोच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. १८४३मध्ये सम्राटाची नववधू जहाजानं येणार म्हणून त्या दगडांवर दुसरा, देखणा धक्का बांधला गेला. पुढे तोही भरावाखाली गेला, समुद्र लांब हटला, वर चौक झाला. २०११मध्ये बंदराचा भाग नव्यानं सजवायला खोदकाम केलं तेव्हा दोन्ही धक्के एकावर एक सापडले. २०१७मध्ये युनेस्कोनं तो जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. शहराला जे झाकावंसं वाटलं ते बहुतेक वेळा जुन्या काठावरच झाकलेलं असतं, कारण ते आलं तिथूनच. म्हणून ज्या शहरात जाईन तिथे मी स्वतःला हा प्रश्न मुद्दाम विचारते: इथे स्वतःच्या मर्जीविरुद्ध कोण उतरलं? उत्तर ज्या वस्तीत सापडेल तिथे जायलाच हवं. तिथे बघण्यासारखं फार नसलं तरी. काही दगड असतील, एक कठडा असेल, एक पाटी असेल. पण त्या दगडांपाशी थोडा वेळ उभं राहायचं.

सजवलेल्या समुद्रकिनाऱ्यांबद्दल माझं मत थोडक्यात सांगते. रुंद फरसबंदी, बाकं, रांगेत झाडं, सूर्यास्त. सुंदर असतात. संध्याकाळी अर्धा तास पाय मोकळे करायला जरूर जावं. पण चार दिवसांतला एक दिवस तिथे घालवू नये.

एक अडचण मात्र या पद्धतीतून सुटत नाही, आणि तिच्याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. जुन्या काठावर माणसं राहतात. बार्सेलोनेता ही बार्सिलोनातली वस्ती १७५३पासून वसवली गेली. बंदराचा बांध घातल्यावर त्याच्या आडोशाला वाळू साठत गेली आणि त्या वाळूच्या जिभेवर सरळ, अरुंद गल्ल्या आखल्या. काही दशकं आधी गडकोट बांधण्यासाठी रिबेरातली शेकडो घरं पाडली होती, त्या विस्थापितांसाठी ही वस्ती. पुढे कोळी, खलाशी, गोदीतले कामगार इथे राहिले. घरं अगदी लहान, एकेका मूळ घराचे चार-चार तुकडे पाडून केलेली.

मी तिथे सकाळी गेले. गल्ली इतकी अरुंद होती की समोरासमोरच्या बाल्कन्यांतल्या बायका आवाज न चढवता बोलत होत्या. वर दोरीवर चादरी वाळत होत्या. मी वही उघडून गल्लीची रुंदी पावलांनी मोजत होते आणि वरून टपकलेला एक थेंब नेमका वहीवर पडला, शाई पसरली. वर पाहिलं तर एक म्हातारी चादरीचं टोक पिळत होती. तिनं मला पाहिलं, माझ्या वहीकडे पाहिलं, आणि आत गेली. रागावली नव्हती. पण त्या क्षणी मला कळलं की मी तिच्या अंगणात उभी आहे. तिला घराबाहेर दुसरं अंगणच नव्हतं, ती गल्ली हेच होतं, आणि मी त्याची मापं घेत होते. शेजारच्याच बाल्कनीत एक कापडी फलक लावलेला होता, पर्यटकांना भाड्यानं दिलेल्या घरांच्या विरोधात. २०१४च्या ऑगस्टमध्ये याच वस्तीतले लोक या प्रश्नावर रस्त्यावर उतरले होते. दहा वर्षांनी, २०२४मध्ये, बार्सिलोनाच्या महापौरांनी जाहीर केलं की पर्यटकांना घरं भाड्यानं देण्याचे दहा हजारांवर परवाने नोव्हेंबर २०२८पर्यंत संपतील, ते पुढे वाढवले जाणार नाहीत.

तेव्हापासून मी वस्तीत जाते, पण वस्तीत मुक्काम करत नाही. राहण्याची जागा मोठ्या रस्त्यावर, जिथे मुळात हॉटेलंच आहेत तिथे घेते, मग रोजचं येणं-जाणं वाढलं तरी चालेल. गल्लीत शिरायचं ते एकटीनं किंवा दोघींनी. कॅमेरा पिशवीत. कुणाच्या दारात, कुणाच्या चादरीखाली फार वेळ थांबायचं नाही. आणि ज्या वस्तीला आता माणसं नको झाली आहेत असं ती स्पष्ट सांगते, ती यादीतून काढायची, कितीही जुनी असली तरी. न जाणं हीसुद्धा निवड आहे, हे मला त्या थेंबानं शिकवलं.

तर इस्तंबूल. अकरा नावांतून आम्ही तीन ठेवली. पहिल्या दिवशी कुठेच गेलो नाही, फक्त एमिनोनूच्या धक्क्यावर बसलो. चारही बाजूंनी बोटी येत होत्या, लागत होत्या, माणसं ओतत होत्या आणि माणसं भरून निघत होत्या. आईनं तासाभरात कुठली बोट कुठल्या धक्क्याला लागते ते पाठ केलं. संध्याकाळी समोरच्या टेकडीवरचा गलाताचा मनोरा उजळला. जिनोआच्या व्यापाऱ्यांनी १३४८मध्ये बांधलेला तो मनोरा आम्ही चढलो नाही. गुडघ्यांनी नकार दिला आणि आईला वाईट वाटलं नाही. "खालून बोटीवाल्यांना दिसावा म्हणूनच असणार ना तो," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी येनिकापी. हे नाव त्या अकरांत नव्हतं, कुणी सुचवलंही नव्हतं, ते मीच वेगळं घातलं होतं. तिथे मेट्रोचं आणि बॉस्फरसखालून जाणाऱ्या रेल्वेचं मोठं स्टेशन आहे. पण त्या स्टेशनासाठी २००४पासून खोदकाम सुरू झालं तेव्हा खाली बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या काळातलं एक अख्खं बंदर सापडलं, सम्राट थिओडोसियसच्या नावाचं. एका ओढ्याच्या गाळानं ते हळूहळू बुजत गेलं होतं. पुढे त्याच्यावर भाजीचे मळे झाले, मग घरं. गाळात सदतीस जहाजं होती. गाळात हवा पोचत नाही, म्हणून लाकूड हजार वर्षांनंतरही टिकलं होतं. जहाजं काढता काढता रेल्वे कित्येक वर्षं लांबली, शेवटी २०१३मध्ये सुरू झाली. आणि जहाजांच्याही खाली, आणखी खोल, चिखलात उमटलेले माणसांच्या पावलांचे ठसे मिळाले. सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचे.

आम्ही स्टेशनात एका बाकावर बसलो. माणसं भराभर जात होती, सरकत्या जिन्यावर उभी राहत होती, फोनवर बोलत होती. मी आईला जहाजांचं सांगितलं, मग पावलांचं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे इथेही पायधुणीच की." आणि तिनं आपले दोन्ही पाय चपलेतून काढून त्या गार फरशीवर टेकवले. गुडघे दुखत होते म्हणून असेल. मी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुलतानअहमतमध्ये आया सोफिया हे प्रसिद्ध जुनं प्रार्थनास्थळ पाहिलं. गर्दीतून, ढकलाढकलीतून, पण वर घुमटाकडे पाहिल्यावर ते सगळं विसरायला झालं. दुपारी बोटीनं पलीकडे, आशियाच्या काठावर, कादीकोयला.

कादीकोयची एक जुनी गोष्ट आहे. तिचं मूळ नाव काल्सेडॉन. ग्रीक लोकांनी आधी इथे वस्ती केली आणि त्यानंतर सतरा वर्षांनी समोरच्या काठावर बायझँटियम वसलं, म्हणजे पुढचं कॉन्स्टँटिनोपल, आजचं इस्तंबूल. मेगाबाझस नावाच्या पर्शियन सेनापतीला हे कळलं तेव्हा तो म्हणाला की काल्सेडॉनचे लोक त्या वेळी आंधळे असले पाहिजेत. समोर इतकी चांगली जागा असताना त्यांनी ही निवडली. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं हे लिहून ठेवलं आणि अडीच हजार वर्षं झाली तरी 'आंधळ्यांचं गाव' ही ओळख त्या वस्तीला चिकटून राहिली आहे.

बोटीला विसेक मिनिटं लागली. उजव्या हाताला मागे राहिलेलं जुनं शहर हळूहळू एका नजरेत मावायला लागलं. शहरात असताना ते कधीच तसं दिसलं नव्हतं, तिथे कायम एक भिंत, एक कोपरा, एक कमान. पुढे हैदरपाशाचं जुनं रेल्वे स्टेशन आलं, पाण्यात ठोकलेल्या लाकडी खुंटांवर उभं असलेलं. आम्ही कादीकोयला उतरलो, गल्ल्यांमधून जेमतेम पाऊण तास फिरलो आणि परत काठावर येऊन दगडी कठड्यावर बसलो. सूर्य समोर उतरत होता, बरोबर जुन्या शहराच्या मागे. राजवाड्याची झाडं, आया सोफियाचा घुमट, निळ्या मशिदीचे मिनार, सगळं एका काळ्या रेघेत उमटलं होतं. आजूबाजूला कामावरून परतलेली माणसं बसली होती. एक बाप पोराला बुटाची नाडी बांधायला शिकवत होता. पोराची नजर बोटींवर, बापाची नाडीवर.

मी आईला मेगाबाझसची गोष्ट सांगितली. ती हसली नाही. तिला ती पटलीच नाही. "आंधळे कसले? रोज संध्याकाळी हे त्यांनाच तर दिसतं. तिकडच्यांना स्वतःचं गाव कधी दिसणार?"

त्या दिवसापासून किनाऱ्यावरच्या कुठल्याही शहरात माझी एक वस्ती आधीच ठरलेली असते. पाण्यापलीकडची. तिथे काही नसलं तरी चालतं. तिथे जाऊन मागे वळून बघायचं असतं.

चौथ्या दिवशी बालात राहिलं होतं. खाडीच्या काठावरची जुनी ज्यू वस्ती, रंगीत घरं, चढाच्या गल्ल्या. उस्कुदार राहिलं होतं. संध्याकाळी माझ्या वहीत आठ नावं तशीच होती आणि आईनं विचारलं, "ती बोट किती वाजता सुटते?"

आम्ही पुन्हा कादीकोयच्या बोटीत बसलो. बाहेरच्या बाकावर, वाऱ्यात. आमच्या समोर एक चाळिशीतली बाई होती, कामावरून घरी निघालेली. मांडीवर पिशवी, पिशवीवर हात, आणि बोट सुटल्या सुटल्या तिला झोप लागली. मान एका बाजूला कलली होती. समुद्रपक्षी कठड्याला लागून ओरडत होते, जुनं शहर मागे सरकत होतं, सूर्य खाली येत होता. तिनं यातलं काही पाहिलं नाही. आई मात्र शहराकडे न बघता तिच्याकडेच बघत होती. धक्का जवळ आला, इंजिनाचा आवाज बदलला, आणि बोट टायरांना टेकायच्या नेमक्या क्षणभर आधी त्या बाईनं डोळे उघडले, पिशवी खांद्याला लावली आणि उभी राहिली. काठावरच्या माणसानं दोर झेलला, खुंट्याला दोन वेढे दिले.

"हिला बरोबर कळलं," आई हळूच म्हणाली.

सगळ्यांबरोबर आम्हीही उतरलो. ती बाई गर्दीत दिसेनाशी झाली. मग आईनं माझा हात धरला आणि आम्ही वळसा घालून परतीच्या बोटीच्या रांगेत जाऊन उभ्या राहिलो.